चंद्रधर शर्मा गुलेरी : विद्वत्ता आणि खोडी

मिर्झाराजे जयसिंग आणि पुरंदरचा तह यांच्यामुळे आमेर हे नाव मराठी वाचकाच्या कानावर शाळकरी वयातच पडलेले असते. त्या मिर्झाराजांचा खापरपणतू, दुसरा जयसिंग, 1700 साली आमेरच्या गादीवर बसला तेव्हा त्याचे वय अवघे अकरा वर्षांचे होते. त्याच्याविषयी राजस्थानात एक आख्यायिका अजून सांगितली जाते. औरंगजेबाने या पोराचे दोन्ही हात आपल्या मुठीत घट्ट धरले आणि आता तुझे कसे होणार, असे दरडावून विचारले. मुलगा जराही गडबडला नाही. लग्नात वर वधूचा एक हात धरतो तर जन्मभर तिचा सांभाळ करतो, बादशहाने तर माझे दोन्ही हात धरले आहेत, तेव्हा मला कसली भीती, असे तो हसत म्हणाला. या हजरजबाबीपणावर खूश होऊन बादशहाने त्याला सवाई ठरवले, म्हणजे इतरांहून पावपट अधिक. पावकी-निमकी घोकलेल्या मराठी पिढ्यांना सवाईचा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. या गोष्टीचा ऐतिहासिक आधार तपासण्यात फारसे स्वारस्य नाही. लोकांनी तिच्यात काय जपले, ते महत्त्वाचे. दरबारी भीतीच्या ऐन क्षणी मुलाने केलेली थट्टा लोकांनी जपली. पुढे दोनच वर्षांनी, 1702 मध्ये, हा मुलगा विशाळगडाच्या वेढ्यात मोगली फौजेबरोबर सह्याद्रीत लढत होता. खेळण्याचे वय तेथेच संपले. ज्या विजयसिंगाबरोबर तो लहानाचा मोठा झाला, तो धाकटा भाऊही पुढे गादीवरचा प्रतिस्पर्धी होऊन समोर उभा राहिला.

याच सवाई जयसिंगाने 1727 मध्ये आमेरच्या डोंगरांमधून राजधानी खाली मैदानात आणली, जयपूर वसवले आणि तेथे दगडचुन्याची भव्य वेधशाळा उभारली. विसाव्या शतकाच्या आरंभी तिची यंत्रे दुरुस्तीला आली होती. ते काम लेफ्टनंट गॅरेट या इंग्रज अभियंत्याकडे सोपवण्यात आले, तेव्हा त्याच्या मदतीला संस्कृत ज्योतिषग्रंथ वाचू शकणारा आणि इंग्रजीही सहज लिहू शकणारा एक तरुण देण्यात आला. त्याचे वय अठराच्या आसपास होते. तो चंद्रधर शर्मा गुलेरी. हिंदी कथेच्या इतिहासात ज्यांचे नाव मुख्यतः एका कथेने अमर केले, ते हेच.

गुलेरींचा जन्म 7 जुलै 1883 रोजी जयपुरात झाला. घराणे मूळचे कांगड्याच्या डोंगरांतील गुलेर येथले. लघुचित्रांच्या गुलेर शैलीमुळे हे छोटे संस्थान कलेच्या अभ्यासकांना परिचित आहे. वडील पंडित शिवराम शास्त्री काशीत शिकलेले प्रकांड संस्कृतज्ञ. सवाई रामसिंगांनी त्यांना जयपुरात आणून राजपंडिताचा मान दिला. असा पिता असलेल्या घरात थोरल्या मुलाच्या शिक्षणाला पाचव्या वर्षाची वाट पाहिली जाणे शक्यच नव्हते. घरात संस्कृत बोलले जाई. पाच-सहा वर्षांच्या चंद्रधराला तीन-चारशे श्लोक आणि अष्टाध्यायीचे बरेचसे सूत्रपाठ मुखोद्गत होते, असे त्याच्या सर्व चरित्रांत आढळते. दहाव्या वर्षी तर त्याने भारत धर्म महामंडळाच्या विद्वानांपुढे संस्कृतात छोटेसे भाषण केले आणि ती सभा थक्क झाली.

थक्क झालेली ती सभा नीट डोळ्यांपुढे आणण्यासारखी आहे. पगड्या, उपरणी, दाढ्या, आणि त्या सर्वांच्या मध्ये उभे केलेले दहा वर्षांचे मूल. विद्वान माना डोलावीत असतील, पित्याचे डोळे भरून आले असतील. त्या मुलाला स्वतःला काय वाटत होते, याची नोंद कोणी केली नाही. तशी नोंद करण्याची आपल्याकडे रीतही नव्हती. थोर पुरुषांच्या बालपणातून आपली चरित्रपरंपरा सामान्यतः दोनच गोष्टी उचलते: एक पाठांतर, दुसरी बाणेदारपणा. टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते ती त्या बाणेदारपणामुळे. वर्गातली मुले शेंगा खाऊन टरफले टाकत होती आणि मजा करीत होती, हा त्या गोष्टीचा पहिला भाग सांगणारा घाईने ओलांडतो. गुलेरींच्या बालपणातून चरित्रकारांच्या हाती पाठांतर आले. खेळगडी, भांडणे, उगीचच केलेल्या खोड्या यांना तेथे जागा मिळाली नाही. त्यांना जागा मिळाली ती पुढे त्यांच्या स्वतःच्या लेखनात, आणि इतक्या आग्रहाने मिळाली की तो योगायोग मानणे कठीण आहे.

संस्कृताची बैठक घरी पक्की झाल्यावर मुलगा जयपूरच्या महाराजा कॉलेजात दाखल झाला. 1844 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत इंग्रजी शिक्षणाची नवी हवा होती. 1899 मध्ये अलाहाबाद विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत तो पहिला आला, पुढे बी. ए.लाही पहिलाच आला. जयपूर दरबारने त्याचा गौरव केला. परीक्षांच्या या यादीवर अधिक रेंगाळण्याचे कारण नाही. वेधशाळेच्या कामावर मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण तेथे हा पढिक तरुण प्रथमच पुस्तकाबाहेरच्या वस्तूला भिडला. जयसिंगाची यंत्रे हाताळण्याजोगी नाहीत, ती चढण्याजोगी आहेत. सम्राट यंत्राचा जिना आकाशात सुमारे 27 मीटर चढतो आणि कोठल्याही मजल्यावर न पोचता थांबतो. जयप्रकाश यंत्राच्या संगमरवरी वाट्यांतून माणूस फिरू शकतो. प्रौढांनी गणितासाठी बांधलेल्या या वास्तू मुलांना आजही खेळण्यासारख्या वाटतात. या वेधशाळेमागच्या पंडितांत जगन्नाथ सम्राट हा महाराष्ट्रीय ब्राह्मण अग्रगण्य होता. त्याने अरबी शिकून युक्लिडची भूमिती संस्कृतात रेखागणित म्हणून आणली आणि टॉलेमीच्या ग्रंथाच्या आधारे सिद्धांतसम्राट रचला. आमेरच्या राजाच्या पदरी असलेला मराठी पंडित अरबीतून ग्रीक विद्या संस्कृतात आणतो आणि दीडशेहून अधिक वर्षांनी कांगडी वंशाचा जयपुरी तरुण तीच यंत्रे इंग्रजीत समजावून देतो, हा भारतीय वाङ्मयव्यवहाराचा एक सुरेख नमुना होय. गॅरेट आणि गुलेरी या दोघांच्या नावांनी जयपूरची वेधशाळा आणि तिचा निर्माता यांवरचा इंग्रजी ग्रंथ 1902 मध्ये प्रसिद्ध झाला.

याच सुमारास जयपुरातून निघणाऱ्या 'समालोचक' या हिंदी मासिकाचे संपादन गुलेरींकडे आले. मासिक अल्पायुषी ठरले, पण विशीतल्या संपादकाची लेखणी त्यात धारदार झाली. भाषांची त्यांची भूक अफाट होती. प्राकृत, पाली, अपभ्रंश, बंगाली, गुजराती यांबरोबर मराठीही त्यांना अवगत होती, आणि लॅटिन-फ्रेंचपर्यंत त्यांची मजल गेली होती. इतक्या विद्येखाली एखाद्या माणसाचा विनोद दबून जाणे स्वाभाविक होते. गुलेरींच्या बाबतीत विद्याच विनोदाच्या सेवेला लागली. संकट येताच अंग आक्रसून कवचात शिरणाऱ्या समाजाला कासवाची उपमा देणारा त्यांचा 'कछुआ धरम' हा निबंध वाचावा. शास्त्रवचने, इतिहास आणि टवाळी यांची तेथे अशी बेमालूम सांगड आहे की टवाळी कोठे संपली हे कळेपर्यंत वाचक स्वतः कवचात सापडलेला असतो.

दर्शनशास्त्रात एम. ए. करण्याचा गुलेरींचा विचार होता, तो सिद्धीस गेला नाही. 1904 मध्ये त्यांना खेतडीच्या अल्पवयीन राजाचा पालक म्हणून अजमेरच्या मेयो कॉलेजात जावे लागले. आमेरचेच राज्य पुढे जयपूरचे राज्य झाले होते आणि खेतडी हे त्यातले एक मातबर ठिकाण. तेथले राजे अजितसिंग हे स्वामी विवेकानंदांचे स्नेही आणि आश्रयदाते. त्यांना 1893 च्या जानेवारीत पुत्र झाला, तेव्हा शिकागोला निघण्यापूर्वी स्वामी त्या आनंदोत्सवासाठी मुद्दाम खेतडीला गेले होते. त्या मुलाचे नावही जयसिंगच ठेवले होते. 1901 मध्ये सिकंदऱ्यातील अकबराच्या समाधीच्या मनोऱ्यावरून पडून अजितसिंगांचा मृत्यू झाला आणि आठ वर्षांचा जयसिंग खेतडीचा राजा झाला. आमेरचा जयसिंग अकराव्या वर्षी राजा झाला होता, हा त्याहून लहान. वेधशाळेच्या निमित्ताने एका जयसिंगाची विद्या उलगडणाऱ्या गुलेरींच्या हाती आता दुसऱ्या जयसिंगाचे बालपण आले.

1875 मध्ये स्थापन झालेले मेयो कॉलेज राजकुमारांसाठी होते. प्रत्येक संस्थानचे तेथे स्वतंत्र निवासगृह असे, मुलाबरोबर नोकरचाकर, घोडे आणि मोतमिद म्हणजे पालक-अधिकारी येत. वर्गात शेजारी बसलेली दोन मुले एकमेकांची मित्र होण्याआधी एकमेकांच्या संस्थानांची मानकरी असत. कोणाला किती तोफांची सलामी, कोण कोणाचा सरंजामदार, हे मुलांना गणिताच्या आधी समजत असे. अशा ठिकाणी शाळकरी मैत्री फुलण्यासाठी प्रथम राजेपण विसरावे लागते, आणि ते विसरण्याचा मुलांना ठाऊक असलेला एकच मार्ग म्हणजे खोडी. पगडी लपवली की सारे मुंडासे बांधणारे सारखेच फजीत होतात. गुलेरींनी या वातावरणात सुमारे सोळा वर्षे काढली. ज्याला स्वतःला मुलगा म्हणून व्यासपीठावर उभे केले होते, त्याने आता दररोज पाहिले ते सिंहासनावर बसवलेल्या मुलांना. त्यांचा शिष्य राजा जयसिंग 1910 मध्ये, वयाची अठरा वर्षेही पुरी न होता, वारला. त्याची बहीण सूर्यकुमारी हिच्या स्मरणार्थ निघालेल्या ग्रंथमालेचे संपादन पुढे गुलेरींनीच केले. एका शिक्षकाने एका घराण्याशी शेवटपर्यंत राखलेला हा जिव्हाळा होता. 1916 मध्ये ते मेयो कॉलेजच्या संस्कृत विभागाचे प्रमुख झाले.

त्यांच्या लेखनातील पहिले खरेखुरे मूल भेटते ते 'पाठशाला' या दीड पानाच्या निबंधात. 'बालक बच गया' या नावानेही तो ओळखला जातो. एका शाळेचा वार्षिकोत्सव चालू आहे. मुख्याध्यापकांचा एकुलता एक आठ वर्षांचा मुलगा प्रदर्शनातल्या एखाद्या नव्या यंत्रासारखा लोकांना दाखवला जात आहे. चेहरा पिवळा पडलेला, नजर जमिनीवरून उचलत नाही. प्रश्नांचा मारा होतो आणि उत्तरे येत जातात. धर्माची दहा लक्षणे येतात, नवरसांची उदाहरणे येतात, पाणी चार अंशांखाली प्रसरण का पावते आणि त्यामुळे मासे कसे वाचतात ते येते, चंद्रग्रहणाची कारणमीमांसा येते, अभाव हा पदार्थ मानावा की नाही यावरचा शास्त्रार्थ येतो, इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या राण्यांची नावे येतात आणि पेशव्यांची वंशावळही येते. मराठी वाचक येथे हटकून हसतो. बाळाजी विश्वनाथापासून दुसऱ्या बाजीरावापर्यंतची ती साखळी आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी छडीच्या भीतीने घोकली, तिचा जाच हिंदी प्रदेशातल्या काल्पनिक बालकाच्याही वाट्याला यावा! मोठेपणी काय करणार, या प्रश्नाला मुलगा आजन्म लोकसेवेचे शिकवलेले उत्तर देतो. सभा धन्य होते. मग एक वृद्ध गृहस्थ त्याच्या डोक्यावरून हात फिरवून हवे ते बक्षीस माग म्हणतात. पिता आणि शिक्षक उत्सुक आहेत, आता हा विद्येचा पुतळा कोणते पुस्तक मागतो? मुलाच्या चेहऱ्यावर रंग येतात आणि जातात, आत काहीतरी झगडत आहे. शेवटी घसा साफ करून तो हळूच लाडू मागतो.

पिता आणि शिक्षक हिरमुसतात. निवेदकाचा मात्र इतका वेळ कोंडलेला श्वास मोकळा होतो. या निबंधाचा शिक्षणावरील टीका म्हणून गौरव झाला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु महामंडळाच्या सभेतल्या दहा वर्षांच्या चंद्रधराला बाजूला ठेवून तो वाचला, तर त्याची अर्धी धग निघून जाते. निबंधातला निवेदक प्रेक्षकांत बसलेला आहे. त्याला गुदमरल्यासारखे होते ते केवळ दयेपोटी नाही. तो व्यासपीठ ओळखतो. शिवाय गुलेरींनी मुलाकडून बंड करवले नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. तो उत्तर द्यायचे नाकारत नाही, रडत नाही, पळून जात नाही. उत्तरांच्या त्या माळेतच तो एक चुकीचे उत्तर देतो, आणि सबंध सभेत तेवढे एकच उत्तर त्याचे स्वतःचे असते. ही नकळत घडलेली खोडी आहे. मुलगा स्वतःही तिने चकित होतो.

या निबंधातले मूल न वाचता मोठे झाले असते तर त्याचे काय झाले असते, याचे उत्तर 'बुद्धू का काँटा' या कथेत मिळते. प्रयागला शिकणारा रघुनाथ पुस्तकांत आणि वडिलांच्या कडक देखरेखीत वाढलेला. गावी परतताना तो विहिरीवर पाणी काढायला जातो आणि दोरी-लोट्याच्या साध्या व्यवहारात फजीत होतो. पाणवठ्यावरच्या बायकामुली त्याची यथेच्छ टर उडवतात. त्यांत भागवंती नावाची मुलगी सर्वांत तिखट. सबंध कथा ही एका मागासलेल्या विद्यार्थ्याची उशिराने भरलेली शाळा आहे. थट्टा कशी सोसावी, उलट उत्तर कसे द्यावे, परक्या माणसाच्या हसण्यात आपलेपणा कसा ओळखावा, हे जे धडे इतर मुले आठव्या वर्षी गल्लीत शिकतात ते रघुनाथ लग्नाच्या वयात शिकतो. कथेच्या आरंभी त्याच्याच नावाच्या शुद्ध-अशुद्ध उच्चारावर गुलेरी जो विनोद करतात, तो वैयाकरणाच्या घरच्या मुलालाच सुचावा असा. कथा जरा सैल आहे, मधेच ती पसरते. पण तिच्यातल्या मुलींचे बोलणे आजही ताजे आहे. 1911 मधील 'सुखमय जीवन' ही त्याआधीची कथा अविवाहित असूनही संसारसुखावर ग्रंथ लिहिणाऱ्या तरुणाची. येथेही पुस्तकी शहाणपणाची खिल्ली आहे, मात्र कथा म्हणून ती हलकी वाटते.

जून 1915 च्या 'सरस्वती' मासिकात 'उसने कहा था' प्रसिद्ध झाली. महायुद्ध सुरू होऊन वर्षही लोटले नव्हते. अजमेरात संस्कृत शिकवणाऱ्या या पंडिताने फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवरचे खंदक लिहिले, तिथला चिखल, थंडी आणि शिखांचे बोलणे लिहिले. हिंदी कथेने त्यापूर्वी असे काही पाहिले नव्हते. परंतु कथा सुरू होते अमृतसरच्या बाजारात. इक्केवाले, बंबूकाटवाले, त्यांची गोड शब्दांतली दटावणी, आणि त्या गर्दीत एका दुकानावर भेटलेली दोन मुले. बारा वर्षांचा मुलगा मामाकडे आला आहे, मामाच्या केसांसाठी दही न्यायला. आठ वर्षांची मुलगी स्वयंपाकाच्या वड्या न्यायला. दुकानदार गिऱ्हाइकांत गुंतलेला. बोलणे होते ते तुझे घर कोठे, माझे घर कोठे, इतकेच. सामान घेऊन थोडे पुढे गेल्यावर मुलगा हसत तिला विचारतो, तुझी सोयरीक झाली का. ती लटक्या रागाने झिडकारून पळते. भाजीवाल्याकडे, दूधवाल्याकडे ती पुन्हा भेटते, तो पुन्हा तेच विचारतो, ती पुन्हा पळते. महिनाभर हा खेळ चालतो. एके दिवशी ती पळत नाही. काल झाली म्हणते आणि अंगावरची रेशमी कशिद्याची ओढणी दाखवते.

यानंतरची चार-पाच वाक्ये हा बालमनाच्या चित्रणातला एक दुर्मीळ नमुना आहे. मुलगा घरी निघतो आणि वाटेत एका पोराला गटारात ढकलतो, एका फेरीवाल्याची दिवसभराची कमाई उधळतो, कुत्र्याला दगड मारतो, कोबीवाल्याच्या गाडीवर दूध ओततो, समोरून नाहून येणाऱ्या सोवळ्यातल्या बाईला धडकून आंधळा ही पदवी मिळवतो, आणि मग कोठे घरी पोचतो. गुलेरींनी दुःख हा शब्द वापरलेला नाही. मुलाला काय झाले हे मुलालाही सांगता येणार नाही. त्याच्याजवळ एकच भाषा आहे, खोडीची, आणि आजवर आनंदाने बोललेली ती भाषा तो प्रथमच वेगळ्या कारणाने बोलतो. बाजारातल्या त्या सर्व लोकांना तो एक द्वाड पोर वाटला असेल. मोठ्यांना खोडी दिसते, कारण दिसत नाही. गुलेरींनी वाचकाला कारण दाखवले आणि लगेच पंचवीस वर्षांची उडी घेतली.

खंदकात आता तो मुलगा जमादार लहनासिंग आहे. त्याच्याभोवतीची माणसे प्रौढ, दाढीवाली, घरसंसाराची. पण कंटाळा आणि मरण यांच्यामध्ये अडकल्यावर ती शाळकरी पोरांसारखी वागू लागतात. वजीरासिंग खंदकातले गढूळ पाणी बादलीने उपसून बाहेर फेकताना स्वतःला भटजी म्हणवतो आणि जर्मन बादशहाच्या नावाने तर्पण सोडतो. सगळे खदखदून हसतात. मग उनाडांना शोभेल असे गाणे सुरू होते. या हसण्यातच पुढच्या प्रसंगाची तयारी आहे. इंग्रज अधिकाऱ्याचा वेष घेऊन एक जर्मन खंदकात येतो, तेव्हा लहनासिंग त्याला ओळखतो ते बोलण्यावरून आणि सिगारेटवरून. आणि खात्री करून घेतो ती एक लांबलचक थाप मारून. जगाधरीच्या शिकारीत साहेब गाढवावर बसले होते, ती नीलगाय केवढी मोठी होती, तिची शिंगे केवढी. तोतया प्रत्येक थापेला होकार देत जातो आणि पकडला जातो. हेरगिरीच्या कथांत खुणेचे शब्द, चिठ्ठ्या, नकाशे यांनी जे साधले जाते, ते येथे बाजारात वाढलेल्या पोराच्या फिरकी घेण्याच्या सवयीने साधले आहे. पलटण वाचते ती खोडीमुळे.

हिंदी समीक्षेने 'उसने कहा था' ही उत्कृष्ट प्रेमकथा म्हणून गौरवली. हा गौरव रास्त असला तरी प्रेम हा शब्द येथे जरा घाईचा वाटतो. बारा आणि आठ वर्षांच्या मुलांत महिनाभर जे चालले होते, ते थट्टेवर उभे असलेले सख्य होते. सुभेदारीण झालेल्या त्या मुलीला पंचवीस वर्षांनी लहनासिंगाची आठवण राहते ती कोणत्या कारणाने? दहीवाल्याच्या दुकानाजवळ टांग्याचा घोडा बिथरला होता, तेव्हा तो मुलगा घोड्याच्या पायांत शिरला आणि त्याने तिला उचलून दुकानाच्या फळीवर उभे केले. तशीच आता माझ्या नवऱ्याला आणि मुलाला वाचव, एवढे ती मागते. तिच्या मागण्यात प्रेमाचा उल्लेख नाही, त्याच्या उत्तरातही नाही. बालपणी एकाच रस्त्यावर वावरलेल्यांना एकमेकांवर जो हक्क वाटतो, तेवढ्या एका हक्कावर ती पदर पसरते. लहनासिंग आजारी बोधासिंगाला आपली जर्सी आणि कांबळे देतो, स्वतःची जखम लपवून बापलेकांना गाडीत बसवतो, आणि वजीरासिंगाच्या मांडीवर डोके ठेवून मरतो. मरताना त्याच्या डोळ्यांपुढे येतो तो अमृतसरचा बाजार.

त्या वर्षांत मराठी कथा 'मनोरंजन'सारख्या मासिकांतून वाढत होती आणि हरिभाऊ आपट्यांच्या स्फुट गोष्टींपासून तिने बराच पल्ला गाठला होता. 'पण लक्षात कोण घेतो' मधील यमू आणि तिचा भाऊ यांच्या बालपणाचे भाग मराठीत आधीच होते, आणि भावंडांच्या खेळाभांडणांतून पुढच्या दुःखाची चाहूल देण्याचे कौशल्य हरिभाऊंनी तेथे दाखवले होते. तथापि त्या बालपणावर निवेदन करणाऱ्या मोठ्या यमूच्या आठवणींचे सावट आहे. गुलेरींच्या बाजारातल्या मुलांमागे कोणी मोठे माणूस उभे राहून उसासे टाकत नाही. ती दोन मुले आपली हसतात आणि पळतात. ह्या फरकाचे कारण कदाचित गुलेरींच्या शिक्षकीत असावे: रोज मुलांमध्ये वावरणाऱ्याला बालपण ही हरवलेली वस्तू वाटत नाही.

पुढची वर्षे भराभर गेली. 1920 मध्ये मदनमोहन मालवीयांच्या आग्रहावरून गुलेरी काशी हिंदू विश्वविद्यालयात आले आणि प्राच्यविद्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. नागरी प्रचारिणी पत्रिकेतील 'पुरानी हिंदी' ही त्यांची लेखमाला अपभ्रंश आणि हिंदी यांच्या संबंधावरचा मूलभूत अभ्यास मानली जाते. 1922 मध्ये मणींद्रचंद्र नंदी अध्यासनावर प्राचीन इतिहास आणि धर्म यांचे अध्यापनही त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी कावीळ झाली, तीतून उठतात न उठतात तोच तीव्र ज्वराने गाठले, आणि 12 सप्टेंबर 1922 रोजी काशीत त्यांचा अंत झाला. वय एकोणचाळीस. गडकरी तीन वर्षांपूर्वी चौतिसाव्या वर्षी गेले होते, बालकवी त्याआधी अठ्ठाविसाव्या. भारतीय भाषांच्या त्या पिढीला आयुष्य उदारपणे मिळाले नाही.

तीन कथांवर कथाकार म्हणून टिकून राहिलेला दुसरा लेखक भारतीय साहित्यात सहज सापडणार नाही. 1960 मध्ये बिमल रॉय यांनी 'उसने कहा था' हा चित्रपट काढला, त्याचे दिग्दर्शन मोनी भट्टाचार्य यांनी केले. सुनील दत्त आणि नंदा यांच्या त्या चित्रपटात कथेतली सोयरीक बरीचशी चित्रपटी झाली. लाडू मागणाऱ्या मुलाचा तो दीड पानाचा निबंध मात्र पुढे शाळेतच गेला. राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या बारावीच्या 'अंतरा' या हिंदी पाठ्यपुस्तकात तो घेण्यात आला, धड्याखाली प्रश्न छापण्यात आले, आणि मुलाने लाडूच का मागितला याचे उत्तर विद्यार्थी परीक्षेसाठी पाठ करू लागले.